लेन्सच्या जागी लाडू

माणसाने हट्ट करावा, पण तोंड उघडून करावा. माझी सून मानसी तो हसत करते. मी म्हटलं, "डिंकाचे लाडू ने." तर म्हणाली, "आई, तिकडे सगळं मिळतं," आणि पुन्हा कॅमेऱ्याच्या बॅगेत डोकं घातलं.

पडवीभर तिने संसार मांडला होता. दोन कॅमेरे, आखूड लेन्स, लांब लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या. महाडच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न दुबईला होतं आणि फोटो काढायला त्यांनी आमच्या मानसीला बोलावलं होतं. विमानात हाताशी सात किलोच नेता येतं म्हणे. एक वस्तू ठेवायची, वजन बघायचं, परत काढायची. ड्रोन आधीच बाद झाला, त्याला तिकडे परवानगी लागते. मग तिने लांब लेन्स मांडीवर घेतली आणि बसली कुरवाळत.

"एवढा इचार लगीन ठरवताना केला नव्हतास," मी म्हटलं.

"केला असता तर तुमचा सुहास वजनातच बाद झाला असता."

शेवटी लांब लेन्स घरीच राहिली. बॅगेत तिच्या मापाची खाच रिकामी पडली. मानसी आंघोळीला गेली तेवढ्यात मी फडक्यात लाडू बांधून त्या खाचेत बसवले. लेन्सपेक्षा हलकेच होते. पोरगी काडीसारखी, परक्या मुलखात खाणार काय? लाडू नाकारते, तर असं न्यायला लावीन, म्हटलं.

सुहास-मानसीची गाडी गेल्यावर श्रीपत भावजी आले. ते बरीच वर्षं दुबईत ड्रायव्हर होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना लाडवांचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वयनी, लाडवांत खसखस हाय?"

"खसखशीबिगर डिंकाचा लाडू व्हतो काय?"

"तिकडं ती अफूत धरतात. आमच्या खोलीवरच्या एकाच्या सामानात गावली. विमानतळावरनंच आत नेला त्याला."

"मंग सुटला कधी?"

 भावजी कपाचा कान धरून तो नुसता फिरवत राहिले.

मानसीचा फोन लागेना. सुहासचा वाजून वाजून बंद पडला. बॅटऱ्या चार्ज करायला ती दोघं महाडच्या आपल्या स्टुडिओत थांबणार होती, तेवढीच आशा. मी तशीच निघाले. मिनीडोर रिक्षाने पोलादपूर, तिथून महाडची एस.टी. शेजारच्या बाईने विचारलं, "मावशी, दवाखान्यात का?" मी नुसती मान हलवली. माझं तोंड बंद पडलं असं कोणी सांगितलं असतं तर आमच्या कापडे गावात कोणाला खरं वाटलं नसतं.

डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. कोणी वर्दीवाला फडकं सोडतोय आणि मानसीला विचारतोय, हे कोणी दिलं? ती माझं नाव घेणार नाही. भांडकुदळ असती तर घेतलं असतं आणि सुटली असती. ही नाही घेणार. या विचाराने मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले.

महाडला चवदार तळ्याजवळच्या आमच्या स्टुडिओसमोर गाडी उभी होती. सुहास बॅग गाडीत ठेवत होता.

"थांब रे," मी म्हटलं आणि पायरीवरच बसले.

सांगून झाल्यावर मानसीने काउंटरवर बॅग उघडली. फडकं सुटलं होतं, लाडू फुटले होते. खसखस फोमच्या भोकांत, चेनच्या दातांत, दोन्ही कॅमेऱ्यांच्या बटणांभोवती शिरली होती. तिने बॅग उलटी करून आपटली, ब्रश फिरवला. दाणे निघतच राहिले.

"आये, काय करून ठेवलंस हे?" सुहास म्हणाला.

"एक दाणा राहिला तरी नको," मानसी म्हणाली.  

मी पदर पुढे केला, कॅमेरा पुसायला.

"आई, हात लावू नका."

माझ्या घरात मला असं कोणी म्हटलेलं नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तिने बॅग सगळ्या सामानासकट बाजूला सारली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. मग कपाटातून पासपोर्ट फोटोंचा जुना कॅमेरा काढला, नव्या टॉवेलात गुंडाळला आणि साध्या पिशवीत घातला.

"एवढ्या मोठ्या लग्नात हा चालेल?" सुहासने विचारलं.

"चालवीन." तिने त्या बॅगेकडे वळूनही पाहिलं नाही.

निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले.

"लांबनंच कर. माझ्या लुगड्याला पण लागली असंल खसखस."

ती अर्धवट वाकलेलीच राहिली, मग सरळ झाली. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"तू भरली व्हतीस तीच बॅग बरोबर व्हती, गो," मी म्हटलं. "जा आता."