फोटोच्या मागचे हंडे

सकाळी सात वाजता शत्रुघ्न घरत बावीत, म्हणजे घरच्या विहिरीत, उतरायचा आणि त्याची बायको शकू फोन घेऊन परसात उतरायची. त्याला बावीच्या तळाचा गाळ काढायचा असायचा, तिला फोटोसाठी एखादं जनावर गाठायचं असायचं. दोघांचंही सकाळभर काही हाती लागलं नाही की घरात चहासुद्धा गप्पगप्प प्यायला जायचा.

शकू काही हौसेनं फोटो काढणारी बाई नव्हती. तिला साठीनंतर हा उद्योग लागला तो मुलामुळं. कल्पेश बोळिंजला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला, सून जागृतीनं घरच्यांचा एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं ‘घरत घरात’. ग्रुपातले निम्मे घरत घरात नव्हते, पण नाव छान होतं. मनवेलपाड्याला दिलेली लेक हेमांगीही त्यात होती. ती कशालाही हात जोडलेलं चित्र पाठवायची आणि मग तोच मजकूर आणखी चाळीस जणांना धाडायची.

या ग्रुपावर शकू रोज एक फोटो टाकायची. वाळत घातलेल्या बनियनशेजारी बसलेला खंड्या. मोरीत पाणी प्यायला आलेली घोरपड. कोंबडीचं अंडं पळवणारा मुंगूस, त्याखाली ‘आपला मुंगूस. सकालचा नाश्ता’. प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात शकूचा अंगठा असायचाच. एकदा तो आला नाही, तर हेमांगीनं घाबरून फोन केला, आईला काही झालं का म्हणून.

हेतू साधा होता. इथं सगळं ठीक आहे, आम्ही मजेत आहोत, हे मुलाला कळावं. पण जागृतीनं घोरपड बघितली आणि यंदा सुट्टीत गावाला यायचं नाही असं ठरवून टाकलं. आणि कल्पेश तर जनावराकडं बघतच नसे. तो फोटो दोन बोटांनी ताणायचा आणि मागचं बघायचा.

‘आई, खंड्या मस्त. मागं हंडे आडवे का पडलेत?’

हंडे आडवे होते कारण ते रिकामे होते. बावीचं पाणी दोन वर्षांपासून मचूळ झालं होतं आणि यंदा मार्चातच तळ दिसला. शेजारच्या आळीतून डोक्यावरून पाणी आणायला लागत होतं. शकूनं लिहिलं, ‘धुऊन ठेवलेत. पानी भरायचं हाय.’ त्यावर कल्पेशचं उत्तर आलं, ‘पानी नाही आई, पाणी. ण.’

त्याला हीच एक खोड. शाळेत मास्तरांनी जेवढं सुधारलं नसेल, तेवढं तो आईला सुधारायचा. शकूला राग यायचा, पण फोनमध्ये तो ण कुठं दडून बसलाय तेही तिला सापडत नसे. न मात्र बोट ठेवायच्या आत उगवायचा. फोनही गावाकडचाच असणार.

मग तिनं फोटो काढायची रीत बदलली. बावीकडं पाठ, हंड्यांकडं पाठ, फुटक्या कौलाकडं पाठ. एका गलेलठ्ठ बेडकामागं तर तिनं गोधडी धरायला लावली. धरायला सेबॅस्टियन होता. पलीकडच्या वाडीतला, शत्रुघ्नाचा शाळेपासूनचा सोबती. रोज चर्चमध्ये मिस्साला जाऊन आला की बावीच्या रहाटावर उभा राहायचा आणि गाळाचं एकेक घमेलं वर ओढायचा. गोधडी धरून तो म्हणाला, “वहिनी, माझ्या लग्नात पण एवढी तयारी नव्हती.”

बेडकाचा फोटो गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या. शकू उंबऱ्यात बसली, उठली, चुलीकडं गेली, परत आली. तासाभरानं कल्पेशचं आलं, ‘मागं गोधडी का लावलीय?’

रविवारी तो स्वतःच आला. त्यानं आडवे हंडे बघितले, बावीत डोकावून बापाचं टक्कल बघितलं आणि जेवल्यावर सगळं नीट समजावलं. आवाज चढवला नाही. वय झालंय, अडुसष्टाव्या वर्षी माणूस बावीत उतरत नाही, तिकडं लिफ्ट आहे, नळ आहे, नळ सोडला की पाणी येतं. एक मेला सुट्टी असते, टेम्पो मिळतो. तोवर बावीला गोडं पाणी लागलं तर तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही लागलं, तर घराला कुलूप.

शत्रुघ्न बोटं चाटत म्हणाला, “खाली ओल हाय.”

“ओल आहे बाबा, पण गोडी आहे का?”

“ती वरून नाय दिसत. चौदाव्या मजल्यावरून तर अजाबात नाय.”

शकूनं मात्र कबूल केलं. तिला वाटलं, तीन आठवडे पुष्कळ झाले. पण ते आठवडे कसे गेले कळलंच नाही. ऊन असं की अंगणातल्या मातीला चरे पडले, कोंबड्या चोच उघडी ठेवून सावलीत बसायच्या. शकूला एका जागी बसवेना. भाकरी तव्यावर टाकून ती बावीच्या काठाला जायची, खाली विचारायची, परत यायची तोवर भाकरी करपायची. तिनं पेटीतली भांडी दोनदा काढली, दोनदा भरली. बोळिंजच्या घरी जातं कुठं ठेवणार, कोंबड्या कुठं ठेवणार, आणि रोज फोटो तरी कशाचा काढणार, याचा तिला घोर लागला. चौदाव्या मजल्यावर मुंगूस लिफ्टनं येणार होता काय.

मधेच एकदा पेंढ्याच्या गंजीखाली सापाची कात मिळाली. तिनं फोटो टाकला, खाली लिहिलं ‘जनावराची कात’. जागृतीनं विचारलं, कुठलं जनावर? तेव्हा कल्पेशनंच समजावलं की गावात त्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. दिसला तर म्हणायचं जनावर, आणि चावला तर म्हणायचं पान लागलं. त्या दिवसापासून जागृती विड्याचं पानसुद्धा खाईना, असं हेमांगीकडून कळलं.

एक मे गुरुवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी, दहाच्या सुमाराला, बावीतून शत्रुघ्नाची हाक आली. मोठी नव्हती. त्यानं नुसतं “शके” म्हटलं. पण चाळीस वर्षांत त्यानं तिला दुपारच्या आत नावानं हाक मारली नव्हती. ती धावली. खाली त्याच्या पायाशी कातळाच्या फटीतून पाणी बुडबुडत होतं. घोट्यापर्यंत आलं, मग नडगीपर्यंत. सेबॅस्टियननं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग दोर ओढला.

शत्रुघ्न शिडीवरून वर आला तो सरळ गाळाच्या ढिगावर उताणा पडला. डोळे मिटलेले, तोंड उघडं, अंगभर काळा चिखल. कमरेचा दोर सोडायचंही त्याला सुचलं नव्हतं, त्याचे दोन वेढे पोटरीला आवळून बसले होते. शकूनं फोटो काढला. अंगठा आला. मग ती लिहायला लागली.

तिनं लिहिलं, ‘तुजे बाबांना पानी’. तिथं ती थबकली. म्हटलं, आजचा दिवस मोठा, आज तरी नीट लिहावं, लेकाला नाव ठेवायला जागा नको. तिनं नी खोडला आणि ण शोधायला लागली. बोट चिखलाचं, डोळ्यांत पाणी. ण काही सापडेना. तेवढ्यात फोननंच वर एक शब्द पुढं केला. बरोबरच असेल, शिकलेला फोन आहे, म्हणून तिनं तो दाबला, पुढं ‘लागलं’ जोडलं, आणि धाडून दिलं.

‘तुजे बाबांना पान लागलं.’

वर फोटो. आडवा पडलेला बाप, पोटरीला आवळलेला दोर.

फोन खिडकीत ठेवून ती कळशी आणायला गेली. मागं फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. सेबॅस्टियन म्हणाला, उचला तरी. ती म्हणाली, “वाजू दे. आनंद झायलाय त्यांना.”

तिकडं हेमांगीनं हात जोडून तो मजकूर चाळीस जणांना पाठवला होता. त्यातले पंधरा गावातलेच. अर्ध्या तासात परसात माणसं जमली. कुणी कडुलिंबाचा पाला आणला, कुणी बाज आणली. कुणी काही विचारलं नाही, अशा वेळी विचारत बसत नाहीत. चौघांनी शत्रुघ्नाला उचललं आणि बाजेवर घातलं. तो तीन आठवड्यांची झोप एकदम काढत होता. बाज हलली तेव्हा त्यानं एक डोळा उघडला, आजूबाजूला गंभीर चेहरे बघितले आणि शांतपणे विचारलं, “मना कुटं नेताव? मी गेलू काय?”

उत्तर द्यायच्या आत रस्त्यावर भोंगा वाजला. रुग्णवाहिका आली, आणि तिच्या मागोमाग कल्पेशची गाडी. जागृती चपलेविना उतरली. जिनं घोरपडीच्या भीतीनं सुट्टी रद्द केली होती, ती पेंढ्याच्या गंजीवरून उडी मारून सरळ सासऱ्यापाशी गेली आणि त्याच्या चिखलानं भरलेल्या पायावर दात कुठं लागलेत ते शोधायला लागली. कल्पेशनं बापाची पोटरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

शकू कळशी घेऊन उभी राहिली. तिला काहीच उमगेना. सेबॅस्टियननं शेजाऱ्याच्या हातातला फोन घेतला, चष्मा लावून वाचलं, आणि पहिल्यांदाच रहाटाचा दांडा सोडून खाली बसला.

“कल्पेश, पान नाय रे बाबा,” तो म्हणाला. “पानी.”

बाज धरणाऱ्या चौघांना ती ठेवावी की न्यावी कळेना.

कल्पेश आईकडं वळला. “आई, एक अक्षर. तू साधं नेहमीसारखं पानी का नाही लिहिलंस?”

“तूच बोल्लास ना, ण लिव म्हणून,” शकू म्हणाली. “तोच हुडकत व्हती.”

कल्पेशनं चिखलाच्याच हातानं डोळे पुसले आणि मग त्याला अट आठवली. नुसतं पाणी नव्हे, गोडं पाणी. शकूलाही तीच धास्ती होती. पाणी लागलं खरं, पण अजून कुणी चाखलं नव्हतं. खाडी हाकेच्या अंतरावर. पहिली कळशी वर आली ती चहासारखी लाल. ती फडक्यातून गाळली, तांब्यात ओतली आणि गाळ बसायची वाट बघत अख्खा जमाव उन्हात उभा राहिला. शकूला हात पुढं करवेना. शत्रुघ्न म्हणाला, मी चाखणार नाय, मना ते गोडच लागंल. कल्पेश म्हणाला, अट माझी, मी चाखणंही बरोबर नाही.

रुग्णवाहिकेचा चालक नांदेडकडचा होता. गावाशी, घरत कुटुंबाशी, बोळिंजशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तो सकाळपासून गाडीवर होता आणि त्याला तहान लागली होती. त्यानं कुणाला न विचारता तांब्या उचलला आणि घटाघटा संपवला. शकू त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघत राहिली.

“मावशी,” तो तांब्या परत देत म्हणाला, “अजून आहे का?”

“कसं हाय?”

“गोड आहे की. थोडी माती लागते.”

शकू काठावर बसली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा बसली आणि उठली नाही.

निघताना कल्पेशनं गाडीची डिकी उघडली. आत आठ निळे डबे होते, आठही रिकामे. शकूनं डब्यांकडं बघितलं, मग लेकाकडं. तो म्हणाला, काही नाही, सोसायटीचा पंप शुक्रवारपासून जरा बिघडलाय, आज होईल. शकूनं बरं म्हटलं. सेबॅस्टियननं न सांगता रहाट फिरवायला घेतला. आठ डबे भरले, तेव्हा गाडी मागून इतकी खचली की जागृतीला रुग्णवाहिकेतून पाठवावं लागलं. ती खिडकीतून शेवटपर्यंत हात हलवत होती. नव्या माणसानं बघितलं असतं तर पान तिलाच लागलंय असं म्हटलं असतं.

बुधवारी सकाळी ग्रुपावर बोळिंजहून फोटो आला. जागृतीनं काढलेला. एसीच्या खोक्यावर कबुतरानं दोन अंडी घातली होती. खाली लिहिलं होतं, ‘आमच्याकडचं जनावर!’ डाव्या कोपऱ्यात थोडा अंगठा आला होता.

शकूनं कबुतर बघितलं, बरं वाटलं. मग तिनं दोन बोटं लावून फोटो ताणला. कबुतराच्या मागं काच, काचेमागं स्वयंपाकघर. तिथं आठही निळे डबे एकाला एक लागून आडवे पडले होते.

तिनं लिहिलं, ‘कबूतर मस्त. मागं डबे आडवे कशाला पडलेत?’

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला वेळ लागला. तिनं भाकरी थापली, भाजली, एकही करपू दिली नाही. मग फोन वाजला. कल्पेशनं तीनच शब्द लिहिले होते.

‘पानी संपलं, आई.’

शकूनं ते दोनदा वाचलं. न वर बोट ठेवून बघितलं, खरंच न होता. मग तिनं शत्रुघ्नाला वाचून दाखवलं. तो बावीच्या काठावर पाय सोडून बसला होता, खाली एक पाणकोंबडी कुठून तरी येऊन हक्कानं पोहत होती. त्यानं तिचा फोटो काढायला सांगितला. आणि खाली काय लिहू असं शकूनं विचारल्यावर म्हणाला,

“लिव, उद्या एक मे. सुट्टी हाय, टेम्पो मिलतो.”