मागच्या खोलीतला भाडेकरू

लीलाधरने काडीने अंगणातल्या मातीत एक चौकोन काढला, त्याला खेटून दुसरा लहान चौकोन काढला आणि काडी तिथेच टेकवून ठेवली.

"ही मागची खोली. इथे मी राहायचो."

सुलक्षणाने मोबाइलवर त्या आकृतीचा फोटो घेतला. ती मूळची धुळ्याची. परदेशातल्या लढायांमध्ये विमानांनी टाकलेल्या बॉम्बखाली नेमकं कोण मेलं, याची शहानिशा करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची, आणि त्याच कामासाठी आज एसटीने पिंपळनेरला उतरून या वस्तीपर्यंत आली होती. दोन वर्षांपूर्वी लीलाधर ज्या वाळवंटी गावात बोअरचे पंप बसवत होता, तिथे तो राहायचा त्या घरावर बॉम्ब पडला होता. ते घर नव्हतंच, शस्त्रांचं कोठार होतं, पहाटे तिथे गाड्या यायच्या, आत कोणी राहत नव्हतं, असं सैन्याने जाहीर केलं होतं. लीलाधरने ती बातमी तेव्हा ऐकली आणि पुढे कित्येक दिवस मोबाइलवर बातम्याच लावल्या नव्हत्या.

ओट्यावर कांदे निवडत बसलेल्या कुंदाबाईचे हात थांबले.

"ताई, यास्ले परत कामवर जानं शे तिकडे. नाव छापी उनं ते कसं व्हई? आनि यास्नं नाव तुम्हले कोनी सांगं?"

"वहिनी, भाऊ नको म्हणाले तर अहवालात नाव छापणार नाही. कोणी सांगितलं ते मात्र आत्ता विचारू नका. भाऊंचं सांगून झालं की मीच सांगते."

कुंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. साक्रीच्या एजंटाने त्याला दोनदा बजावलं होतं, की तिकडच्या भानगडीत तोंड उघडलंस तर पुन्हा व्हिसा मिळायचा नाही. लीलाधर तिच्याकडे न बघता म्हणाला, "विचारा, ताई."

"त्या खोलीत काय काय होतं?"

"माझी खाट. आणि पिठाची पोती, छतापर्यंत. घरमालकीण रोट्या भाजून विकायची. नवरा नव्हता तिला. मी अक्का म्हणायचो. तिला वाटायचं, माझ्या गावात आईला तसं म्हणतात. मीही कधी दुरुस्त केलं नाही."

"पहाटे गाड्या यायच्या का तिथे?"

"यायच्या की. अंधारातच. रोट्या न्यायला, बाजारातल्या खाणावळींच्या. मीच टोपल्या उचलून द्यायचो."

सुलक्षणाचा चेहरा हलला नाही, पण तिने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते पुन्हा पाहून घेतलं.

"घरात आणखी कोण?"

"दोन मुलं आणि मधली मुलगी, हाला." त्याने काडी उचलली आणि मोठ्या चौकोनात उगाचच टोक फिरवलं. "मला टायफॉइड झाला होता. कंपनीवाले दारात औषध ठेवून निघून गेले. अक्काने महिनाभर खिमट भरवलं मला. हाला उशाशी बसून माशा वारायची. नाहीतर मी आज या अंगणात बसलेलो नसतो, ताई. बॉम्ब पडला तेव्हा मी लांबच्या बोअरवर होतो. तिकडूनच आम्हाला गाडीत घातलं आणि सरहद्दीपार नेलं. नंतर कुणाचाच फोन लागला नाही."

कुंदाबाईने पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. टायफॉइडचं तिला आजच कळत होतं.

सुलक्षणाने रेकॉर्डिंग बंद केलं.

"आता सांगते. आधी सांगितलं असतं, तर सैन्यवाले म्हणाले असते की मीच तुमच्या तोंडात शब्द घातले. अक्का आणि दोन्ही मुलं गेली, भाऊ. हाला आहे. ढिगाऱ्यातून काढली तिला. दुसऱ्या शहरात मामाकडे असते."

लीलाधरने मान वर केली.

"तिचं म्हणणं कोणी धरायला तयार नव्हतं. पोरीला पढवलंय, म्हणाले. ती एकच सांगत होती, आमच्याकडे एक हिंदी, म्हणजे भारतातला, माणूस राहायचा, त्याला विचारा. नाव म्हणे लीला. कंपनीने तर तिथे आमचा माणूसच नव्हता म्हणून हात वर केले. मग ती म्हणाली, तो ताट पुसून खायचा आणि रोज एकच बोलायचा. ते कुठल्या भाषेतलं ते तिकडे कुणालाच कळेना. फिरत फिरत तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं."

"काय बोलायचो?"

"बठ्ठं सरनं."

लीलाधरने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत राहिले. सुलक्षणा हलक्या आवाजात म्हणाली, "ताटातलं सगळं संपलं, ही आपली अहिराणी मी लगेच ओळखली. मग मी धुळ्यापासून एकेका एजंटाकडे विचारत आले, तिकडे गेलेला पंपवाला लीला कोण म्हणून."

त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

"तिने आठवण ठेवली," तो म्हणाला. "तिच्या आईने मला जगवलं, आणि एवढं सगळं सोसून ही पोर माझा शब्द जपून बसली." मग बायकोकडे वळून म्हणाला, "कुंदा, नाव छापू दे?"

कुंदाबाई ओट्यावरून उतरली.

"छापा, ताई. बापना नावसकट, गावना नावसकट छापा." तिने डोळ्यांना पदर लावला. "आनि ती पोर जेवस का नीट?"

"तुम्हीच विचारा," सुलक्षणा म्हणाली. "मी आज तुमच्याकडे येतेय, हे तिला माहीत आहे. वाट बघत असेल."

तिने नंबर लावून मोबाइल लीलाधरच्या हातात दिला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग पलीकडून एक बारीक आवाज आला, आणि लीलाधर त्या परक्या भाषेत अडखळत, मध्येच हसत, मध्येच गप्प होत बोलू लागला. कुंदाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त एका वाक्यात तिचं स्वतःचं नाव तिला ऐकू आलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती फोनजवळ सरकून बसली.