शिगेचे चार दाणे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आधोली आहे. माझ्यात दोन शेर धान्य मावतं, दाणा कमी नाही की दाणा जास्त नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं.

माझा जन्म नाशकातल्या तांबटाच्या दुकानातला. ठोकून ठोकून मला गोल केलं आणि सायखेड्याच्या चांगुणाबाईच्या सासूनं पाटीत घालून घरी आणलं. चाळीस वर्षं मी बाजरी मोजली, बियाणं मोजलं, लग्नातले तांदूळ मोजले. पुढे किलोची वजनं आली आणि मला कोनाड्यात बसवलं. बसले. मान होता तोवर मिरवावं, सरला की गप्प राहावं, एवढी अक्कल मला आहे. शिकलेल्यांना ती कधी येणार, कोण जाणे.

१९८१ साली चांगुणाबाईचा भाचा सहादू आला. तो नाशिकला कॉलेजात गणित शिकवायचा. त्या वर्षी उंदरांनी शिवार पोखरलं होतं. काही म्हणत, धामणी उंदीर खातात, त्यांना मारू नका. चांगुणाबाईचे यजमान कोंडाजी म्हणत, साप तो साप, दिसला की ठेचायचा. सहादू म्हणाला, "आतोबा, भांडता कशाला? मी गणितानं दाखवतो."

सारवलेल्या खळ्यावर त्यानं तीन ढीग घातले. बाजरी म्हणजे पीक, हुलगे म्हणजे उंदीर, तूर म्हणजे धामणी. हुलगे वाढले की बाजरी काढायची. तूर वाढली की हुलगे काढायचे. हुलगे आटले की तूरही आटवायची. किती घालायचं, किती काढायचं, ते त्याच्या वहीत. एक फेरी म्हणजे एक वर्ष. मोजायला अर्थात मी. सहादू फळीनं माझं तोंड सपाट करायचा आणि उरलेले दाणे चिमटीपर्यंत मोजायचा. विसाव्या वर्षी उंदीर अगदी आटोक्यात निघाले, म्हणजे धामणी राखायच्या हे ठरलं. "रविवारी गाव बोलवा," तो म्हणाला, "सगळ्यांसमोर करून दाखवतो."

रविवारी गाव जमलं. सहादू चहा पीत होता, तोवर पहिले तीन ढीग चांगुणाबाईनं मापून ठेवले. पुढचं सगळं त्यानंच केलं, तीच वही, तीच फळी. सात-आठ वर्षं मागच्यासारखी गेली. मग हुलगे जरा जास्त झाले. मग तूर भलतीच आटली. विसाव्या वर्षी हुलग्यांचा ढीग बाजरीवर सांडला.

कोंडाजी म्हणाले, "सहादू, तुझ्या उंदरांनी तुझंच गणित कुरतडलं की रं." गाव पोट धरून हसलं.

आणि या विद्वानानं काय करावं? मला उलटी करून बुडावर दोन टिचक्या मारल्या. "आत्या, हे माप खोटं आहे."

मित्रांनो, घरात खोटं माप निघणं म्हणजे घराण्याला बट्टा. चांगुणाबाईचं तोंड एवढंसं झालं. "उद्याच नाशकाला नेते," ती म्हणाली, "तांबटाच्या भट्टीत घालते." माझ्या चाळीस वर्षांच्या चाकरीचा निकाल दोन टिचक्यांत लागला.

पण बाई खमकी. भट्टीत घालायच्या आधी तिनं शेजारच्या कुसाबाईची आधोली मागून आणली. मला पाण्यानं काठोकाठ भरलं आणि ते पाणी तिच्यात ओतलं. तीही काठोकाठ भरली. थेंब सांडला नाही, थेंब उणा पडला नाही.

"माप खरं हाय," चांगुणाबाई म्हणाली. "आता तू भर बघू."

सहादूनं भरलं, फळी मारली. मग तिनं भरलं. माझ्या तोंडावर दाण्यांची छोटी टेकडी राहिली.

"आत्या, ही शीग कशाला?"

"घरच्या बाईनं माप कापून घालू नये, लक्ष्मी रुसती. वर चार दाणे राहिलेच पायजेत."

"चार दाण्यांनी उंदीर दुप्पट होत नाहीत, आत्या."

"मग घालून बघ की. तोंडानं कशाला मोजतो?"

त्यानं घालून बघितलं. आधी तूर बाजूला ठेवली. नुसती बाजरी आणि हुलगे असताना शीग ठेवली काय, कापली काय, फेऱ्या फिरून एकाच जागी आल्या. मग तूर घातली. शिगेचे ते चार दाणे दर फेरीला वाढत गेले आणि विसाव्या वर्षाचा पार विचका झाला. सहादू डोकं धरून खाली बसला.

"दोघं असताना चूक जिरून जाते, आत्या. तिसरा आला की तीच चूक वाढत जाते. नियम पक्के, तरी विसावं वर्ष सांगता येत नाही."

"मग गावाला काय सांगशील?"

"हेच. सांगता येत नाही."

"एवढ्यासाठी कॉलेजात जावं लागतं व्हय?"

सहादूनं चार दाण्यांची गोष्ट गावाला सांगितली. आठ दिवसांनी खळ्याच्या कडेला धामण निघाली. कोंडाजींनी काठी उचलली. "व्हा बाजूला. एका धामणीनं काय होतंय?"

चांगुणाबाई घरात गेली. मला बाजरीनं भरून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं, फळी मारून तोंड सपाट केलं, आणि वर चार दाणे टाकले. कोंडाजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी खाली ठेवली. धामण बांध ओलांडून गेली.

मित्रांनो, सहादूनं आत्याची माफी मागितली, गावाचीही मागितली. माझी मागायला अजून कुणी आलेलं नाही. भांड्याला टिचक्या मारण्याआधी आपला हात तपासा, एवढं तरी शिका. आणि कुणाला सवड झाली, तर मला चिंचेनं घासून ठेवा. कोनाड्यात बसून हिरवी पडत चालले आहे.