अर्ध्याखालचा एक तास

मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. मित्रांनो, आज मला घाई आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरच्या वर, लोखंडी पायांवर मी उभी असते. वर तोंड मोठे, खाली निमुळती होत टोक, असा माझा आकार. माझे पाणी एकसारख्या धारेने बॉयलरमध्ये जाते. ते संपले आणि खाली जाळ चालू राहिला, तर बॉयलर फुटतो. एवढे मात्र विसरू नका.

मला घडवणारा म्हातारा पत्रेवाला भारी हट्टी होता. गोल पत्र्यातून एक फाक कापायची आणि उरलेला पत्रा शंकूसारखा वळवायचा. मोठी फाक कापली तर पोट बारीक, लहान कापली तर नुसते ताट! जास्तीत जास्त पाणी मावावे म्हणून त्याने कागदाचे वीस नमुने केले, वाळू भरून मोजले आणि पाचव्या हिश्शाहून जराशी कमी फाक कापली.

माझ्या काचेच्या नळीवर सारख्या अंतराच्या आठ रेघा होत्या. पाणी दोन रेघा उतरले की पंप मला पुन्हा भरायचा. अर्ध्याखाली मला कोणी कधी पाहिलेच नव्हते.

एकदा पंप बंद पडला. सात तासांत पाणी चार रेघा उतरले. बॉयलरवाला म्हणाला, "उरलेल्या चारही सात तास पुरतील. तोवर मिस्त्री येतोच." कोळसा लोटून तो बाकावर आडवा झाला. मी आतल्या आत ओरडत होते. अरे बाबा, पोटात आता आठवा हिस्साच उरलाय, जेमतेम तासाभराचा! पण पत्र्याचे कोण ऐकतो?

तेवढ्यात त्याची कॉलेजात जाणारी मुलगी डबा घेऊन आली. पाणी तिसऱ्या रेघेवर होते.

"बाबा, उठा! जाळ काढा!"

"अगं, आत्ता तर अर्धी होती."

"उंचीने अर्धी! धार तीच, पण खाली टाकी अरुंद आहे, म्हणून पातळी भराभर उतरते. कोणत्या क्षणी किती वेगाने, ते डेरिव्हेटिव्हने काढतात. याच गणितात माझे मार्क गेले, म्हणून डोक्यात पक्कं बसलंय."

"काहीतरीच तुझं."

तिने नळीवर पाव रेघ खाली खडूने खूण केली. "सहा मिनिटांत पाणी इथे येईल. नाही आलं तर मला वेडी म्हणा."

पाणी बरोबर खडूवर आले. बाप ताडकन उठला. दोघांनी फावड्यांनी निखारे बाहेर ओढले. शेवटची रेघ तर एका मिनिटात गेली.

मग तिने जुन्या रेघा पुसून नव्या रंगवल्या, दर रेघेला एक तास. खाली ऐसपैस, वर दाटीवाटीने. बापाकडून वाळूची गोष्ट ऐकून पत्रेवाल्याची फाकही तिने कागदावर ताडून पाहिली. "इथे डेरिव्हेटिव्ह शून्य येतं," ती हसून म्हणाली. "फाक जरा वाढवा नाहीतर कमी करा, पाणी कमीच मावणार. म्हाताऱ्याने वाळूने बरोबर काढलंय!" आयुष्यात इतके कौतुक माझे पुन्हा झाले नाही.

पुढे बॉयलरवाला घरी बसला. मुलगी नोकरीला दूर गेली. गेल्या महिन्यात नवा सुपरवायझर आला. "कसल्या या वेड्यावाकड्या रेघा!" म्हणाला, आणि त्याने त्या खरवडून सारख्या अंतराच्या आठ रेघा मारून घेतल्या.

मित्रांनो, आज पंप पुन्हा बंद आहे. नवा बॉयलरवाला रात्रभर तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन जागला आहे. मघाशी त्याने नळीकडे पाहिले, "अर्धी आहे, निवांत," म्हणाला आणि त्याच बाकावर झोपला. जाळ भडकलेला आहे.

माझ्याकडे नीट लक्ष द्या, मला जपा, असे मी सांगणार होते. ते राहू द्या. कोणी जवळपास असाल तर आधी त्याला उठवा हो! पाणी आत्ताच तिसऱ्या रेघेच्या खाली गेले.