पेटीवरचे गंधठिपके

चैत्राची दुपार. शुभ्र, तप्त, निःशब्द. पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर रक्तवर्ण फुलांच्या ज्योती, आणि खाली कृशतनू नदी, वाळूत पदर टाकून पहुडलेली. ऊन कळसावर होतं, ऊन पायऱ्यांवर होतं, ऊन सभामंडपाच्या खांबाखांबावर होतं. आणि त्या उन्हाच्या मधोमध वैजयंतीबाई बसल्या होत्या, गळ्यात आठव्या दिवसाचा कोमेजला हार.

श्रोतेहो, टीव्हीवरची ती मालिका तुम्ही पाहिली असेल, नसेल. तेराशे भाग चालली. कीर्तनकार वैजयंतीबाई, आणि त्यांच्या मागे बसून पेटीची साथ करणारी कुंदा. मालिकेनं दोघींना सगळं दिलं. बाईंच्या नवऱ्याला दोनदा बुडवलं, एकदा परत आणलं. कुंदाला विष पाजलं, तिची स्मृती नेली, स्मृती दिली. प्रत्येक आसू तीन-तीनदा जवळून दाखवला. आणि शेवटच्या भागात, रामनवमीच्या सांजेला, कुंदाला भावाच्या जीपमध्ये बसवून निपाणीला धाडलं. तिथल्या एका पेट्रोलपंपवाल्या विधुराशी तिचं लग्न ठरलं होतं. दोघी दारात रडल्या. सनई वाजली. संपलं.

अष्टमीची दुपार मात्र कुणी दाखवली नाही; दाखवली असती, तर शेवट वेगळा करावा लागला असता. ती ही.

थकल्या होत्या बाई. आठ दिवस, आठ कीर्तनं. पायांत थकवा, पाठीत थकवा, चिपळ्या धरून धरून बोटांच्या पेरापेरांत थकवा. पण ह्या सगळ्या थकव्यांच्या तळाशी, डोहाच्या तळाशी शिळा असावी तसा, एक जुना थकवा होता. वीस वर्षं एक वाक्य कंठाशी येत होतं आणि कंठातूनच माघारी जात होतं. हजारो लोकांपुढे देवाचं प्रेम सांगणारी ती वाणी, पाठीमागच्या एका बाईपाशी मुकी होत होती.

उद्या रामजन्माचं कीर्तन. ते झालं की कुंदा जाणार. विश्वस्त म्हणाले होते, काळजी नको, साथीला सुरांचं यंत्र आणू. बटण दाबलं की सूर. म्हणून बाईंनी आज एकटीनं पेटी पुढे ओढली. एकटीनं जमतं का, पाहायला.

त्यांची पट्टी, गाण्याचा आधारसूर, काळी चार. उभा जन्म काळी चार. बोट ठेवलं, भाता हलवला, सूर उमटला आणि बाईंनी आवाज लावला.

आवाज चढला, थरथरला, आणि वरच्या पायरीवर जाता जाता फुटला. जुन्या मातीच्या घड्यासारखा फुटला.

पुन्हा लावला. पुन्हा फुटला.

खांबाला टेकून धोंडूअण्णा तबलजी डुलक्या घेत होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "काळी चारवर कशाला गेलात बाई? दहा वर्षांत तिथं फिरकला नाहीत तुम्ही. त्या पट्टीचा माझा तबला माडीवर पडलाय. कातड्याची पुडी फाटली, आत उंदरांनी संसार मांडलाय."

बाईंना कळेना. त्यांनी पेटीवर मान लववली. आणि मग दिसलं.

कीर्तन उभं राहण्यापूर्वी कुंदा पेटीच्या एका पट्टीला चंदनाचा ठिपका लावी. बाईंना वाटे, पूजा. आज जवळून पाहिलं. काळी चारवर एक ठिपका होता, पुसट, पुरातन, धुक्यासारखा. तिच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर दुसरा. ठिपक्यावर ठिपका, थरावर थर, वर्षांवर वर्षं. आणि त्याच्याही खाली, काळी तीनवर, तिसरा: ताजा, पीतवर्ण, ह्याच सप्ताहातला.

सूर खाली उतरत आला होता. पायरी पायरीनं, पाऊल न वाजवता, बाईंच्या दमल्या गळ्याचा हात धरून. डोळे मिटून त्या सूर मागत होत्या, आणि मागून कुणीतरी त्यांना झेपेल तेवढाच देत होतं.

कुंदा आली तेव्हा तिच्या हातांत लुगड्यांच्या घड्या होत्या. भावानं सामान आजच जीपमध्ये टाकायला सांगितलं होतं. धोंडूअण्णा उठले, डग्गा उन्हात तापवतो म्हणाले आणि बाहेर गेले. डग्गा तर सकाळपासून तापलेलाच होता.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

कुंदानं ठिपके पाहिले. बाईंची बोटं पाहिली. घड्या हळूच खाली ठेवल्या.

"पहिल्यांदा उतरले त्याला दहा वर्षं झाली. त्या माघात तुम्हाला खोकला होता. वर जाताना मानेची शीर फुगायची तुमची. मला मागून दिसायची. बघवेना. आणि हे दुसऱ्यांदा, ह्या पाडव्याला."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर हट्टानं वर गेला असतात. मी काय आज ओळखते तुम्हाला?"

बाईंनी कोमेजला हार गळ्यातून काढला, ओंजळीत धरला. गाभाऱ्यातला सावळा उभा होता, शांत, धनुर्धर. विरह म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.

"आठ दिवस सीतेचा विरह गातेय मी," त्या म्हणाल्या. "लोक रडतात. त्यांना वाटतं, मला अशोकवन दिसतंय. मला तुझी मान दिसते, कुंदा. पेटीवर वाकलेली."

कुंदानं तो हार त्यांच्या ओंजळीतून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "जगाला दोन-दोन तास सांगता. मला सांगायला जीप दारात यावी लागली."

"थकले गं लपवून. मैत्रीण म्हणून थांब असं नाही म्हणत. माझी म्हणून थांब."

मालिकेत इथे वीज कडाडली असती, दारं आपटली असती, तीन दिशांनी तीनदा. इथे काहीच झालं नाही. फक्त ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकलं.

बाईंनी सहाणेवरचं गंध बोटावर घेतलं. काळी तीनच्याही खाली, पांढऱ्या चारवर, चौथा ठिपका ठेवला.

"ही पुढची. तिच्याही खाली जावं लागेल एक दिवस. मला नाही उतरता येणार एकटीला."

कुंदानं तो हात धरला. गंधानं माखलेलं ते बोट तिनं ओठांवर टेकवलं, मिटल्या डोळ्यांनी, तीर्थ घ्यावं तसं. आणि वीस वर्षांची तहान, वीस वर्षांची लाज, वीस वर्षांचं मौन त्या चंदनशीतल स्पर्शात विरघळत गेलं. तिच्या ओठांवर गंध उमटलं. बाईंनी ते पुसलं नाही.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लांब.

कुंदानं लुगड्यांच्या घड्या पायानं बाजूला सारल्या, मांडी घातली, आणि पेटी आपल्याकडे ओढली.

"उठू नका," ती म्हणाली. "बसूनच म्हण, वैजू."

भाता उघडला. पांढऱ्या चारचा सूर आला: खालचा, सावळा, गर्द सावलीसारखा, त्यात एक थकला कंठ आपली मान ठेवून विसावला. हॉर्न वाजत राहिला, मग थांबला. आणि नदीकाठी पांगाऱ्याचं एक फूल देठातून सुटलं, सावकाश, सावकाश खाली आलं, आणि संथ पाण्यावर टेकलं.