तिसऱ्या वेळचं नको

तेजलने तीन वर्षं खपून गावोगावच्या वाचनालयांसाठी 'पुस्तकपेटी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. फुकट, आणि आतला कोडही सगळ्यांना खुला. नाशिक जिल्ह्यात चाळीस सीड्या वाटल्या. पहिल्यांदा सुरू होताना प्रोग्रॅम एकदाच नम्रपणे विचारायचा, 'तुम्ही मला कसं वापरता, हे तेजलताईंना कळवू का? हो / नको.' हो म्हटलं, तर इंटरनेट जोडल्यावर ती माहिती पंचवटीतल्या तिच्या कॉम्प्युटरवर यायची.

सहा महिने झाले, आकडा शून्यावरून हलेना.

त्यात पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, उत्तर एक तारखेपर्यंत हवं होतं. तेजलने मनाशी ठरवलं, दहा वाचनालयांनी जरी 'वापरतो' म्हटलं, तरी नाशिक सोडायचं नाही. नाहीतर पुस्तकपेटी गुंडाळायची. नुसत्या विचारानेच तिला रडू यायचं. तिच्यासोबत काम करणारा राज म्हणाला, "लोकांना नको असेल. नको म्हणजे नको." राज फार तत्त्वाचा माणूस, असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

शेवटी ती एसटीने दिंडोरीला गेली. वाचनालयाचे रंगनाथकाका कॉम्प्युटरपुढेच बसले होते आणि पडद्यावर चक्क पुस्तकपेटी! द्राक्षावरच्या फवारणीचं पुस्तक कुणाकडे अडकलंय, ते शोधत होते.

"या ताई! चहा सांगू?"

"नको नको, आत्ताच झाला," तेजल म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"असं कसं? अर्धा कप तरी?"

"खरंच नको."

"आमच्यासाठी घ्या. आता नाय म्हणू नका."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," म्हणत तिने दोन कप चहा आणि चार बिस्किटं संपवली. मग विचारलं, "काका, रोज वापरता, मग 'नको' का दाबलंत?"

काका ओशाळले. "ताई, तुमच्या मशीननं एकदाच विचारलं. पयल्या झटक्यात हो म्हणायचं? लय पुढंपुढं केल्यासारखं दिसतं. म्हटलं, पुन्हा विचारल तवा सांगू. त्यानं विचारलंच नाय! आम्हाला वाटलं, आपलं तोंडदेखलं विचारलं."

तेजलने रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

घरी येऊन तिने प्रोग्रॅमला आग्रह शिकवला. पहिल्या 'नको'नंतर, 'थोडं तरी कळवू?' दुसऱ्यानंतर, 'तेजलताईंच्या समाधानासाठी?'

राज खवळला. "ही जबरदस्ती आहे!"

"तिसऱ्यांदाही नको म्हटलं, की जन्मात पुन्हा विचारायचं नाही," तेजल म्हणाली. "तिसरं नको खरं."

राज बराच वेळ धुसफुसला, पण नव्या सीड्या त्यानेच करून दिल्या आणि दोघांनी त्या गावोगाव पोचवल्या.

एक तारखेच्या सकाळपर्यंत तेहतीस वाचनालयांनी हो म्हटलं, त्यातल्या एकतिसांनी तिसऱ्या वेळी. उरलेल्या सातांना पुन्हा कुणी छेडलं नाही.

दुपारी पुण्याहून कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "मग, येताय ना?"

"नको. नाही जमणार."

"राहायची सोय करून देऊ?"

"नको."

"अहो, आमच्यासाठी तरी या!"

पुण्याहून कुणी तीनदा आग्रह करेल, असं तेजलला स्वप्नातही वाटलं नव्हतं. क्षणभर तिला बाईंची दयाच आली.

"नको," ती म्हणाली, आणि फोन ठेवून चहा टाकायला उठली.