व्याख्या म्हणणाऱ्या भिंती

भूत फक्त पडक्या घरात राहतं असं समजू नका, मंडळी. मी सांगतोय ते भूत चौथीच्या वर्गात राहत होतं आणि त्याला मध्यवर्ती कल्पनेची व्याख्या तोंडपाठ होती.

त्या वर्गाच्या बाई कडक. मराठीच्या तासाला टेबलावर डस्टर आपटून ताल धरायच्या आणि मुलं एका सुरात ओरडायची, "मध्यवर्ती कल्पना म्हणजे उताऱ्याचा मुख्य विचार! अनुमान म्हणजे न सांगितलेलं, पण खुणांवरून ओळखलेलं!" उतारा कुठला, हे विचारायची सोय नव्हती. तपासणीचे साहेब खूश होऊन जायचे. वर्षानुवर्षं हेच. भिंतींनी तरी किती ऐकून घ्यावं?

एकदा शाळा सुटल्यावर बाई विसरलेली छत्री घ्यायला परतल्या, तर आतून आवाज. "अनुमान म्हणजे..." तोच ताल, तोच सूर. आत चिटपाखरू नाही! फळ्याखालचा खडू तेवढा थरथरत होता.

बाई धावतपळत घरी आल्या. दारातच पाय मुरगळला, त्या मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. घरात त्यांची मुलगी तेवढी. तीही याच वर्गातली. ती नुसती बघत राहिली.

"अगं, बघतेस काय? विचार ना, आई का रडतेस!"

पोरगी एका सुरात म्हणाली, "कारण म्हणजे घटना का घडली ते. परिणाम म्हणजे त्यामुळे काय घडलं ते."

भिंतीतलाच आवाज!

दुसऱ्या दिवशी बाई लंगडत मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"मोठ्या बाई, माझी पोर मला पारखी झाली हो. बोलते, पण आत कुणी नाही. आणि वर्ग झपाटलाय!"

"नाही झपाटला तरच नवल. पोरांना किल्ल्यांचा जुडगा दिलात, दार एकही दाखवलं नाहीत."

"पण तपासणीत शंभर टक्के..."

"पोपटालाही मिळाले असते, तेही एका मिरचीवर! अहो, व्याख्या वाईट नसते. ती वापरायची असते. आज एक उतारा वाचा, एकच प्रश्न विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद. मुलांचं नाही, तुमचं!"

वर्गात येऊन बाईंनी वाचलं, "म्हाताऱ्याने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी त्याने दोन कप चहा ओतला." मग विचारलं, "दुसरा कप कुणाचा?"

भिंत कुजबुजली, "अनुमान म्हणजे..." मुलांचे ओठ हलू लागले. बाईंचा हात सवयीने डस्टरकडे गेला. त्यांनी डस्टर उचलला आणि थेट खिडकीबाहेर भिरकावला!

आणि त्या थांबल्या. पोरीकडे बघत, जीव मुठीत धरून थांबल्या.

पोरगी हळूच उठली. "तो कप येणाऱ्याचा नाहीये. गेलेल्याचा आहे."

"कशावरून गं?"

"'तरी' लिहिलंय ना, त्यावरून. त्याला माहीत आहे कुणी येणार नाही. आणि बाबा गेल्यापासून तूपण दोन कप ओततेस. एक तसाच गार होतो. मग तू उगाच तोंड धुवायला जातेस."

"अनुमान म्हणजे..." भिंत म्हणाली आणि मध्येच अडखळली. पुन्हा काही बोलली नाही.

"नाही बाई, तो कप भुताचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग भुताला साखर किती?" दुसरीने विचारलं आणि वर्गात एकच कल्ला झाला. बाई हसत होत्या, की रडत होत्या? ते तुम्हीच ओळखा.

नागरिकहो, पोराने धडा घडाघडा म्हटला की लगेच टाळ्या पिटू नका. त्याला विचारा, "तुला यातून काय कळलं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. न समजता पाठ केलेलं कुठे जात नाही. ते घरातच राहतं आणि एक दिवस आपल्याच लेकराच्या आवाजात बोलू लागतं.